गॅरेजमधला पगार, सुट्टी आणि अपघात भरपाई : मेकॅनिक, हेल्परच्या हक्काची माहिती एका ठिकाणी

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडपासून मार्केट यार्डापर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गॅरेजं लागलेली दिसतात. मोटारसायकल दुरुस्ती, ट्रॅक्टर, पंक्चर, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, वायरिंग. बहुतेक ठिकाणी मालक स्वतःच मेकॅनिक आणि हाताखाली दोन-चार पोरं, असाच कारभार असतो. पगार तोंडी ठरतो. हजेरीचं रजिस्टर नसतं. नवीन पोरगं असेल तर 'अजून शिकतोय' म्हणून चहा-नाश्ता आणि खर्चापुरते पैसे देऊन वर्ष-दोन वर्षं काढली जातात.

'आमचं छोटं गॅरेज आहे, आम्हाला कायदा लागत नाही,' असं मालक सांगतात आणि कामगारही ते खरं धरून चालतात. हे निम्मं खरं आहे. पीएफ, ईएसआय, बोनस यासाठी कामगारांची ठरावीक संख्या लागते. पण किमान वेतन, वेळेवर पगार, आठवड्याची सुट्टी आणि कामावर अपघात झाला तर भरपाई यासाठी संख्येची अट नाही. गॅरेजात एकच हेल्पर असला तरी हे हक्क त्याला आहेत. गॅरेजात काम करणाऱ्यांना, त्यांच्या घरच्यांना आणि गॅरेज चालवणाऱ्यांनाही उपयोगी पडेल अशी ही माहिती.

आधी कायदा कोणता ते समजून घ्या

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या. वेतन संहिता, औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य संहिता. किमान वेतन कायदा १९४८, वेतन प्रदान कायदा १९३६, बोनस कायदा १९६५ हे जुने कायदे वेतन संहितेत आले. कामगार भरपाई कायदा १९२३, ग्रॅच्युइटी कायदा १९७२, ईएसआय आणि पीएफचे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत आले. बदलाच्या काळात जुने नियम आणि दर चालू राहतील, असं सरकारने सांगितलं आहे. त्यामुळे 'जुना कायदा गेला, आता काहीच लागू नाही' असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे.

दुकानं आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा वेगळा कायदा आहे. गॅरेज साधारणपणे त्यात येतं. हा कायदा आला तेव्हा १० पेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला नोंदणीची गरज ठेवली नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या २० पर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. ही सवलत नोंदणी आणि या एका कायद्यापुरती आहे. कमी पगार देण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

किती कामगार असले की काय लागू

- एक कामगार असला तरी : किमान वेतन, ठरलेल्या तारखेला पगार, आठवड्याची सुट्टी, जादा कामाचे दुप्पट पैसे. वीज वापरून दुरुस्ती चालत असेल तर अपघात भरपाईसुद्धा.
- १० किंवा जास्त कामगार : ईएसआय (पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल तर) आणि ग्रॅच्युइटी.
- २० किंवा जास्त कामगार : पीएफ आणि बोनस. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के.

ईएसआयमध्ये मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के जातात. म्हणजे १२,००० पगारावर कामगाराचे फक्त ९० रुपये. त्यात त्याला आणि कुटुंबाला दवाखाना मिळतो, आजारपणात पगाराचा काही भाग मिळतो. संख्या कमी असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर पीएफ आणि ईएसआय स्वेच्छेने घेता येतं.

किमान वेतन कसं बघायचं

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात. एक मूळ दर आणि दुसरा विशेष भत्ता. विशेष भत्ता महागाईप्रमाणे वर्षातून दोनदा बदलतो, १ जानेवारीला आणि १ जुलैला. त्यामुळे मोबाईलवर आलेला जुना तक्ता बघून भांडायला जाऊ नये. चालू सहामाहीचा दर कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावर किंवा जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतो.

दर दोन गोष्टींवर ठरतो.

पहिली, गॅरेज कुठे आहे. राज्यात परिमंडळं केलेली आहेत. महापालिकेच्या भागात दर जास्त, ग्रामीण भागात त्यापेक्षा कमी.

दुसरी, कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल. इथे मोठी गल्लत होते. जो पोरगा गाडी पुसतो, पाने उचलून देतो, पार्ट धुतो तो अकुशल. जो सर्व्हिसिंग, ऑइल बदलणं, ब्रेक-क्लच बसवणं अशी ठरावीक कामं करतो तो अर्धकुशल. जो आवाज ऐकून बिघाड ओळखतो, इंजिन एकट्याने खोलतो आणि बसवतो तो कुशल. पाच वर्षं इंजिन खोलणाऱ्या माणसाला 'हेल्पर' म्हणूनच पगार मिळत असेल तर तो ज्या कामाचा दर आहे त्यापेक्षा कमी पगार आहे. हुद्द्याचं नाव काहीही असो, तो प्रत्यक्ष काय काम करतो यावर गट ठरतो.

डेंटर-पेंटरांमध्ये गाडीमागे पैसे ठरवण्याची पद्धत आहे. तिथेही कामगार मालकाच्या हाताखाली असेल तर दिवसाकाठी हातात येणारी रक्कम किमान वेतनापेक्षा कमी पडता कामा नये. जो स्वतःच्या जबाबदारीवर ठेका घेतो, स्वतःची माणसं लावतो, त्याची गोष्ट वेगळी.

'शिकतोय' म्हणून फुकट काम?

उस्तादाच्या हाताखाली शिकण्याची परंपरा या धंद्यात जुनी आहे आणि अनेक चांगले मेकॅनिक तसेच तयार झाले. पण कायद्याच्या नजरेत दोनच प्रकार आहेत. एक कामगार, ज्याला किमान वेतन. दुसरा, शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ खाली करार नोंदवलेला शिकाऊ उमेदवार, ज्याला ठरलेलं विद्यावेतन. नोंदणीचा कागद नाही आणि रोज सकाळी नऊ ते रात्री आठ गॅरेजात राबतो, तर तो कामगारच आहे.

नोंदणीचा फायदा मालकालाही होतो. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं.

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा आणि मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. ज्यांनी शाळा सोडून हातानेच काम शिकलं त्यांच्यासाठी 'आधीच्या अनुभवाला मान्यता' ही सोय आहे. त्यात परीक्षा घेऊन येत असलेल्या कामाचं प्रमाणपत्र मिळतं. कुशल गटाचा पगार मागताना किंवा शहरात सर्व्हिस सेंटरला नोकरी बघताना हा कागद कामाला येतो.

लहान मुलांबाबत सवलत नाही

१४ वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० हजार ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामाला लावता येत नाही. इतर काम दिलं तरी मधली सुट्टी धरून दिवसाला सहा तासांच्या वर नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, ओव्हरटाइम नाही. 'घरी बसून काय करणार, गॅरेजला लावला' असं म्हणून आठवी-नववीची पोरं दिसतात, त्यांच्या पालकांनी हे लक्षात घ्यावं. तक्रारीसाठी १०९८ हा फोन चोवीस तास चालू असतो.

तास, सुट्टी, ओव्हरटाइम

पेरणीच्या आधी आणि ऊस तोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या गॅरेजात रात्री बारा-बारापर्यंत काम चालतं. काम करायला हरकत नाही, पण त्याचा हिशेब झाला पाहिजे. आठवड्याला ४८ तास हे नेहमीचं काम. सात दिवसांत एक दिवस सुट्टी. त्यापुढच्या प्रत्येक तासाला नेहमीच्या दुप्पट दर.

समजा पगार महिन्याला १३,००० आहे. २६ दिवसांनी भागल्यावर रोज ५०० रुपये. आठ तासांनी भागल्यावर तासाला ६२ रुपये ५० पैसे. ओव्हरटाइमचा दर झाला तासाला १२५ रुपये. हंगामात महिनाभर रोज दोन तास जादा काम केलं तर २६ दिवसांचे ६,५०० रुपये होतात. 'हंगामात थोडं जास्त थांबायचं असतं रे' असं म्हणून हेच पैसे सुटतात. ओव्हरटाइमचे पैसे धरून किमान वेतन पूर्ण झालं, असं दाखवता येत नाही. आधी किमान वेतन, ओव्हरटाइम त्याच्यावर.

पगार कधी आणि कपात किती

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब. 'गिऱ्हाइकाकडून उधारी आली की देतो' हे कारण चालत नाही. पगाराची चिठ्ठी देणं मालकावर बंधनकारक आहे.

गॅरेजात कपातीची नेहमीची कारणं म्हणजे पाना हरवला, पार्ट तुटला, गाडी परत आली. यासाठी नियम असा आहे. वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात दिलेली असली पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणाने झालेलं असलं पाहिजे आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. नुकसानीपेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत.

उचल हा आणखी एक विषय. लग्नाला, दवाखान्याला मालकाकडून २०-३० हजार घेतले जातात आणि मग 'पैसे फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही' अशी अट येते. उचल हप्त्याने परत घ्यायचा हक्क मालकाला आहे. पण पैशापायी माणसाला कामावर अडकवून ठेवणं हा वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ खाली गुन्हा आहे. अशा प्रकारात तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

कामावर अपघात झाला तर

गॅरेजात बोट पंख्यात जातं, डोळ्यात ग्राइंडरची ठिणगी जाते, जॅक सटकतो. बहुतेक वेळा मालक दवाखान्याचं बिल देतो आणि विषय मिटतो. पण बिल ही भरपाई नाही. बिलाचा खर्च वेगळा आणि कायमच्या नुकसानीची भरपाई वेगळी, दोन्ही द्यावं लागतं.

भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के आणि मृत्यू झाला तर ५० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. हा आकडा २० वर्षांच्या माणसाला २२४, २५ व्या वर्षी २१६.९१, ३० व्या वर्षी २०७.९८, ४० व्या वर्षी १८४.१७. काही भाग निकामी झाला तर त्याची टक्केवारी लावतात. अंगठा तुटला तर ३० टक्के, अंगठ्याशेजारचं बोट पूर्ण तुटलं तर १४ टक्के, एक डोळा गेला तर ४० टक्के.

उदाहरण बघू. वय २५, पगार १२,००० रुपये, अंगठा तुटला. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ७,२००. गुणिले २१६.९१ म्हणजे १५,६१,७५२. त्याचे ३० टक्के म्हणजे सुमारे ४ लाख ६८ हजार रुपये. त्याच माणसाचा कामावर मृत्यू झाला तर घरच्यांना १३ लाखांच्या वर रक्कम मिळते. पगार जास्त असला तरी हिशेबासाठी महिन्याला १५,००० हीच मर्यादा केंद्र सरकारने २०२० मध्ये ठरवली.

हात फ्रॅक्चर होऊन दोन महिने घरी बसावं लागलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के मिळतात.

लक्षात ठेवण्यासारखं :

- अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा.
- मालकाने महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, शिवाय ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो.
- कामगाराने दारू प्यायलेली होती किंवा मुद्दाम सुरक्षेचं साधन काढलं असं सिद्ध झालं तर भरपाई नाकारता येते. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे कारणही चालत नाही.
- ईएसआय लागू असेल तर ही रक्कम मालकाऐवजी ईएसआयकडून मिळते.

जीव जातो ती कामं

भरपाई मिळाली तरी गेलेला हात परत येत नाही. या पाच गोष्टी प्रत्येक गॅरेजात पाळल्याच पाहिजेत आणि त्यासाठीची साधनं देणं मालकाचं काम आहे.

१. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही. लोखंडी स्टँड लावायचे, चाकांना उटी लावायची.

२. ट्रॉली किंवा डंपरचा हौद वर उचलून खाली काम करताना लोखंडी टेकू लावल्याशिवाय आत जायचं नाही. हायड्रॉलिक पाइप फुटला की हौद क्षणात खाली येतो.

३. ट्रकच्या लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना समोर उभं राहायचं नाही. रिंग उडून माणसं मेली आहेत. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब पाइप लावून बाजूने हवा भरायची.

४. शटर बंद करून आत इंजिन चालू ठेवायचं नाही. सायलेन्सरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चक्कर येऊन माणूस पडतो ते कळतही नाही.

५. बॅटरी चार्ज होताना जवळ वेल्डिंग, बिडी, ठिणगी नको. निघणारा हायड्रोजन पेट घेतो. ॲसिड डोळ्यात गेलं तर लगेच १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि दवाखाना गाठायचा.

ब्रेक शू साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारू नये, धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावं. पेट्रोलने हात धुण्याची सवय कातडी खराब करते, साबण वापरावा. पेंटिंगला साधा रुमाल पुरत नाही, फिल्टरचा मास्क लागतो. ग्राइंडरला चष्मा हवाच. तो बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळतो.

पुरावा कसा ठेवायचा

तोंडी कामात सगळ्यात मोठी अडचण पुराव्याची. मात्र वेतन संहितेत एक महत्त्वाची गोष्ट आहे. पगार मिळाला नाही असा दावा कामगाराने केला तर पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. तरी तो तिथे कामाला होता हे दाखवावं लागतं. त्यासाठी :

- साध्या वहीत रोजची तारीख, आल्याची-गेल्याची वेळ, केलेलं काम लिहावं.
- पगार शक्यतो खात्यावर किंवा फोन पे, गुगल पे वर घ्यावा. रोख घेतला तर तारीख आणि रक्कम व्हॉट्सॲपवर मालकाला लिहून पाठवावी.
- कामाच्या ठिकाणचे फोटो, मालकाचे मेसेज पुसू नयेत.
- अपघात झाला तर दवाखान्यात 'गॅरेजात काम करताना लागलं' असंच सांगावं. 'घरी पडलो' असं केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढचा दावा अवघड होतो.

तक्रार कुठे

पहिल्यांदा शेठशी बसून बोलावं, हिशेब दाखवावा. बऱ्याच वेळा तिथेच मार्ग निघतो. नाही निघाला तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकारी किंवा सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय असतं. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. नाव, गॅरेजचा पत्ता, कामाचा कालावधी, मिळालेला पगार, बाकी रक्कम एवढं लिहावं. वेतन संहितेप्रमाणे बाकी पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि बाकीशिवाय दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे मोफत मदत मागता येते.

मालकांनी काय करावं

छोट्या गॅरेजवाल्याचीही ओढाताण असते. उधारी थकते, गिऱ्हाईक मजुरीवर घासाघीस करतं, स्पेअर पार्ट महाग होतात. पण एका अपघाताची चार-पाच लाखांची भरपाई अंगावर आली तर गॅरेज विकायची वेळ येते. म्हणून कामगार भरपाईची विमा पॉलिसी घ्यावी. ती सरकारी आणि खासगी विमा कंपन्यांकडे मिळते आणि हप्ता पगाराच्या रकमेवर ठरतो. हजेरी आणि पगाराची वही ठेवावी. मजुरीचे दर लिहिलेला बोर्ड लावावा, म्हणजे घासाघीस कमी होते आणि मजुरीतून पोरांचा पगार निघतो.

कामगाराने स्वतः करायच्या चार गोष्टी

- ई-श्रम नोंदणी : वय १६ ते ५९, फुकट. आधार, मोबाईल आणि बँक खातं लागतं. मदतीसाठी १४४३४.
- प्रधानमंत्री सुरक्षा विमा : वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. वय १८ ते ७०.
- प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा : वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख. वय १८ ते ५०.
- श्रमयोगी मानधन : वय १८ ते ४०, उत्पन्न महिन्याला १५,००० पर्यंत. वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, साठीनंतर महिन्याला ३,००० पेन्शन.

या योजना मालकाकडून मिळणाऱ्या भरपाईच्या बदल्यात नाहीत, त्याशिवाय आहेत. विम्याचे पैसे मिळाले म्हणून भरपाईचा हक्क संपत नाही. गॅरेजात काम करणारं कोणी घरात असेल तर त्याच्या नावाची वही आणि ई-श्रम कार्ड या आठवड्यातच करून घ्यावं.